दोरीचं दुसरं टोक

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. देवराव. तोंडावर 'अहो' म्हणते, चार लोकांत मान देते, पण मनातल्या मनात अरे-तुरेच करते. आमचं लग्न जमलंच मुळी मजुरीच्या ओळीत, तिथं कोण कोणाले अहो म्हणते? अन् ज्या साली आमच्या वावरात उर्वशी मॅडम आल्या, त्या साली मी मनात त्याले काय काय म्हटलं ते सांगण्याजोगं नाही.

आमचं गाव पांढरकवड्याहून आत, कालव्याच्या अंगाले. पहिले इकडे कापसाच्या बियाण्याचे प्लॉट राहत. क्रॉसिंगचं काम. दुपारी उद्या उमलणारी कळी धरायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या अन् आतला नर सोलून काढायचा, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचं नर फूल आणून तिच्यावर घासायचं. मंग त्या बोंडात हायब्रीड बी धरते. देवराव नर फुलं तोडून आणे, मी लावत जाय. त्याची टोपली संपली अन् माह्या ओळीत कळी उरली असं कधी झालं नाही. आम्ही दोघं समोरासमोरच्या ओळीनं चालत जाऊ, अन् धुऱ्यावर, बांधाशी, एकाच वेळी पोचू. बाकीच्या बाया हसत. मी म्हणे, हसा, तुमचे नवरे पानठेल्यावर आहेत.

मंग कापसाचे दिवस फिरले. प्लॉटवाल्या कंपन्या दुसरीकडे निघून गेल्या, भाव पडला, अन् आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायला लागलं, चांगल्या कामासाठी नाही. आमचं खालचं वावर कालव्याच्या पाझरानं ओलं राहे. तिथं कापसाच्या पऱ्हाटीची मुळं सडत. असं वाटत होतं की हे वावर असंच पडीत राहणार. तेवढ्यात एका संशोधन केंद्राची गाडी आली, माती पाहिली, पाणी पाहिलं, अन् म्हणाले इथं धानाच्या हायब्रीड बियाण्याचा प्रयोग करू. जमला तर पुढच्या साली गावात आणखी प्लॉट, नाही जमला तर रामराम. देवरावनं लगेच हो म्हटलं. मले विचारलं नाही असं नाही, विचारलं, पण हो म्हणून झाल्यावर.

प्रयोगावर उर्वशी मॅडम आल्या. भंडाऱ्याकडच्या, धानाच्या मुलखातल्या. तिशीच्या आतबाहेर, लग्न झालेलं नाही, स्कुटी चालवत, डोक्यावर टोपी, गळ्यात दोऱ्याले बांधलेलं एक भिंग. वावरात आल्या की चपला काढून चिखलात उतरत अन् धानाच्या लोंबीसमोर असं बसत की उठायचं नावच नाही. बोलायले गोड. मले 'प्रभावतीताई' म्हणत. अन् हेच मले सगळ्यात जास्त खुपे. एखादी तोऱ्यात वागली तर भांडता येते, गोड बाईशी काय भांडणार?

प्लॉट असा होता. दोन ओळी नर धानाच्या, मंग आठ ओळी मादी धानाच्या, मंग परत दोन नराच्या. मादी धानाची धूळ, म्हणजे पराग, पोकळ, म्हणजे ती आपल्या आपण दाणा धरूच शकत नाही. नराची धूळ वाऱ्यानं उडून तिच्यावर बसली तरच तिच्यात बी धरते. वावराच्या अर्ध्या भागात एका जातीची मादी होती, अर्ध्यात दुसरीची. मॅडमच्या भाषेत दोघींले इंग्रजी अक्षरं अन् आकडे होते. मी आपली नावं ठेवली. पहिलीचं फूल उघडे, अन् मिटलं की सगळं आत, सभ्य बाईसारखं. ती लाजरी. दुसरीचं टरफल मिटलं तरी आतल्या दोन जांभळ्या जिभल्या, केसाएवढ्या बारीक, दोन्ही अंगानं बाहेर लोंबत राहत. तिले मी निलाजरी म्हटलं. कोणाच्या रागानं म्हटलं ते तुमी समजून घ्या.

भादव्यात धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, अन् दोरीचं काम सुरू झालं. धानाचं फूल सकाळी दहाच्या सुमारास उघडते अन् जेवणाच्या वेळेपर्यंत मिटून जाते. तेवढ्या वेळात नराची धूळ उडाली पाहिजे. म्हणून लांब दोरी घ्यायची, एकानं या धुऱ्यावरून धरायची, दुसऱ्यानं त्या धुऱ्यावरून, अन् दोघांनी बरोबरीनं चालत ती लोंब्यावरून ओढत न्यायची. नराच्या ओळी हलल्या की धूळ उठते. मंग थोडं थांबून परत. एका टोकाले देवराव. दुसऱ्या टोकाले उर्वशी मॅडम.

मी डबा घेऊन गेलती तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोघं आपापल्या धुऱ्यावरून चालून राह्यले, मधात दोरी, अन् देवराव तिच्याकडे पाहून आपलं पाऊल मोजून राह्यला. माह्याकडे पाहून तो पाऊल मोजत होता तो जमाना होता! मी डबा बाभळीखाली ठेवला अन् तशीच घरी आली. त्या दिवशी माह्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं, अन् त्यानं मुकाट्यानं खाल्लं. मुकाट्यानं खाल्लं म्हणून बी मले राग आला.

मंग एकेक दिसायले लागलं. देवराव आठवड्यातून एकदा, रविवारी विहारात जायच्या आधी दाढी करणारा माणूस. तो रोज सकाळी आरसा खिडकीत टेकवून दाढी करू लागला. नवा कंगवा आला. शेजारच्या लीलाबाईच्या नजरेतून काही सुटत नाही. ती म्हणाली, "प्रभे, दोरी लांब आहे म्हणून बरं. आखूड असती तर?" अन् पदर तोंडाले लावून हसली. मी बी हसली. घरी येऊन मी सगळे पितळी गंज चिंचेनं घासले, नको तेवढे.

वर्षावासाचे दिवस होते. विहारात रोज संध्याकाळी वाचन चाले, अन् त्या आठवड्यात नेमकं मत्सराचंच निघालं. मनात मत्सर ठेवणारा माणूस दुसऱ्याले नाही, स्वतःलेच जाळते, असं वाचणारे सांगत होते. सगळ्या बाया माना डोलावत होत्या, मी बी डोलावली. अन् डोलावता डोलावता पाहत होती की देवरावनं विहारात यायले कोणता सदरा घातला. तोच होता, प्लॉटवरचा.

घरात तर 'मॅडम म्हणे'चा सुकाळ झाला होता. मॅडम म्हणे धानाचं टरफल किती उघडते त्याच्यावर सगळं आहे. मॅडम म्हणे हा गुण आईकडून थोडा, बापाकडून थोडा, एका जागी नाही बसलेला, सात ठिकाणी वाटलेला आहे, म्हणून तो एका लेकरात गोळा करायले कितीतरी पिढ्या लागतात. मॅडम म्हणे त्या जिभल्या तळ्याकाठच्या जंगली धानातून आणल्या. इथवर मी ऐकलं. त्याच्यापुढे तो जाऊ लागला की मी भांडं आपटे. एकदा म्हणाला, "मॅडम म्हणे, त्या जिभल्या बाहेर काहून राहतात माहीत आहे काय तुले?" मी म्हटलं, बेशरमाले शरम नसते म्हणून राहतात, जेवा गुमान. दुसऱ्यांदा म्हणाला, "प्रभे, मॅडम म्हणत होत्या की तुहं..." मी तवा चुलीवरून उतरवून असा ठेवला की कोंबड्या अंगणातून पळाल्या. माहं नाव त्या बाईच्या तोंडून यायचं, अन् ते बी नवऱ्याच्या मार्फत? तिसऱ्यांदा त्यानं नुसतं 'मॅडम' म्हटलं अन् माह्या तोंडाकडे पाहून गप्प झाला.

मंग एक दिवस दोरी तुटली. त्या दिवशीचं काम आटपलं होतं, पण उद्यासाठी नवी पाहिजे होती. लीलाबाई धावत आली, धापा टाकत, अन् बातमी दिली की तुहा बुढा स्कुटीवर मागे बसून पांढरकवड्याले गेला. मी म्हटलं, दोरी आणायले गेले असतील. ती म्हणाली, "हो, दोरीच. तिलेच तर धरून बसलता." खरं सांगते, माह्या आंगात आग आग झाली. मी पदर खोचला अन् सरळ वावरात गेली.

वावरात कोणी नव्हतं. धान कमरेएवढं होतं, ऊन चढलेलं, फुलं मिटलेली. मी लाजरीच्या ओळीतून गेली, सगळं स्वच्छ. निलाजरीच्या ओळीत आली अन् पाहते तर काय, लोंबी लोंबीवर त्या जांभळ्या जिभल्या बाहेर. शेकडो. टरफल मिटलेलं अन् जीभ बाहेर. माह्या हाताले सवय कापसाची. कापसाच्या प्लॉटात एक कायदा होता. आदल्या दुपारी जे फूल सोलायचं राहून गेलं अन् सकाळी आपल्या आपण उघडलं, ते वाया गेलं. ते दिसल्याबरोबर खुडायचं, नाही तर त्याचं भेसळीचं बी सगळ्या मालात मिसळते अन् कंपनी अख्खा ढीग परत करते. अन् खुडलेलं फूल सरीत फेकायचं नाही, ओळीच्या शेवटी धुऱ्यावर ढीग करायचा, म्हणजे मुकादमाले दिसते की ओळ साफ झाली. माह्या हातच्या ओळीत उघडं फूल कधी सापडलं नाही. मुकादम दुसऱ्या बायांले आणून माही ओळ दाखवत.

मी म्हटलं, वा रे मॅडम! स्कुटीवर फिरायले वेळ आहे, अन् प्लॉटात एवढी उघडी फुलं सुटली ते दिसत नाही? गळ्यात भिंग कायले बांधलं मंग? अन् मी खुडायले बसली. एक एक लोंबी डाव्या हातात धरायची, उजव्या नखानं जीभवाला दाणा काढायचा, बाकीच्या लोंबीले धक्का नाही. मान दुखली, पाठ दुखली, पण मले इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दोन ओळी साफ केल्या. सागाच्या पानावर ढीग केला, हिरवा, वरून जांभळी झाक. अन् धुऱ्यावर बसून राह्यली. आता येऊ द्या दोघांले, म्हटलं. पाहू द्या, वावर कोणाचं आहे ते.

आले. देवरावच्या खांद्यावर नव्या दोरीचं वेटोळं. मॅडम पुढे होत्या. मी उभी राह्यली अन् एकदम थाटात म्हटलं, मॅडम, तुमच्या प्लॉटात उघडी फुलं किती सुटलती पाहा, मी दोन ओळी साफ करून दिल्या. मॅडम ढिगाजवळ आल्या. खाली वाकल्या, एक दाणा उचलून तळहातावर ठेवला, अन् मंग तिथंच चिखलात बसल्या, चांगल्या कपड्यानं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ढीग बोटानं चाळत राह्यल्या, घरी कोणी तांदूळ निवडते तसं. देवरावचा चेहरा राखेसारखा झालता.

मंग त्याच बोलल्या, हळू. म्हणाल्या, ताई, या ओळीत स्वतःची धूळच नाही, मग उघडं राहून बिघडणार काय? नर आधी उघडतो, ही बाई उशिरा उघडते, अन् नराची धूळ थोड्याच वेळात मरते. पलीकडच्या जातीची वेळ चुकली की तो दाणा रिकामा. पण हिचं टरफल मिटलं तरी जीभ बाहेर राहते, म्हणून आज चुकलेली धूळ उद्या घेते. हा सगळा प्रयोग त्या बाहेर राहणाऱ्या जिभेचाच होता. ज्या लोंबीवर जास्त जिभा, ती आमची जास्त मोलाची. तुम्ही नेमक्या त्याच वेचून काढल्या.

मी उभीच होती. पायाखालचा चिखल थंड लागत होता. तोंडातून शब्द निघाले ते बी वाकडेच. मी म्हटलं, कापसात उघडं फूल खुडतात, मले तेवढंच माहीत. मले कोणी सांगितलं नाही.

मॅडमनं माह्याकडे पाहिलं, मंग देवरावकडे, अन् त्याले विचारलं, "दोरीसाठी तुम्ही याच ताईंचं नाव दिलं होतं ना?"

देवरावनं नुसती मान हलवली.

मले काही समजेना. मॅडमनं सांगितलं ते असं. दोरी ओढायले केंद्राले एक जोडी पाहिजे होती, या साली अन् प्लॉट वाढले तर पुढच्याही साली. मॅडमची अन् देवरावची चाल जमत नव्हती. त्याचं टोक पुढे निघून जाय, दोरी तिरपी होय, लोंब्या मोडत. आजची दोरी बी तशीच खुंटाले अडकून तुटली. देवराव पहिल्या दिवसापासून म्हणत होता की माह्या बायकोले घ्या, आम्ही दोघं उभा जन्म ओळीनं चाललो, आमचं पाऊल मागंपुढं होत नाही. मॅडम म्हणाल्या, विचारा त्यांना. रोज संध्याकाळी तो विचारायले घरी येत होता.

घरी जाताना मी त्याले म्हटलं, मंग सांगितलं काहून नाही? तो थांबला. वीस वर्षांत माणसानं माह्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी बी चढवला नाही. म्हणाला, "तीनदा तोंड उघडलं. तू भांडं आपटलं. मी कुठून सुरू करू? नोकरी मॅडमच्या हातची, तर 'मॅडम म्हणे' म्हटल्याशिवाय सांगता येते काय?" विहारातलं वाचन तेव्हा आठवलं, अन् वाचणाऱ्याचा बी राग आला. स्वतःलेच जाळते म्हणे. मी तर दोन ओळी धान बी जाळलं होतं.

मले वाटलं, आता मॅडम केंद्राले कळवतील अन् सगळं गुंडाळून जातील. त्या साली तसंच होत होतं, जे जे आलं ते निघून गेलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्कुटी आमच्या दारात उभी. आत आल्या नाहीत. सांगितलं की त्या दोन ओळींच्या कडेला खुंट्या ठोकल्या, त्या मोजणीतून बाद, बाकीच्या ओळी पुरतील. अजून आठवडाभर फुलं उमलतील. मंग म्हणाल्या, "दहाला या, दोरीचं दुसरं टोक धरा. पण ओळीत हात घालायचा नाही, एकाही लोंबीला नाही." धाकट्या बहिणीच्या वयाच्या बाईनं मले असं दटावलं अन् मी हो म्हटलं. त्यांच्या जागी मी असती तर दारात उभी बी राह्यली नसती.

देवराव तेव्हा खिडकीत दाढी करून राह्यलता. मॅडम गेल्या तरी त्यानं दाढी पुरी केली. ती दाढी कोणासाठी होती ते मी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलं नाही.

दहा वाजता आम्ही धुऱ्यावर उभे राह्यलो, तो तिकडे, मी इकडे, मधात नवी दोरी. नराच्या ओळीतली फुलं चोच उघडल्यावाणी उघडली होती. त्यानं मान हलवली, मी पाऊल टाकलं. मधात एवढं रान, पण त्याचं पाऊल पडे तेव्हा माहं पडे. कोणी मोजत नव्हतं. दोरी सरळ रेषेत लोंब्यावरून गेली अन् मागे पिवळी धूळ उठली, उन्हात दिसली, अन् निलाजरीच्या ओळींवर बसली. त्या जिभल्या बाहेरच होत्या, काल चुकलेल्या बी. मी म्हटलं, घे बाई, घे.

दुसऱ्या फेरीले वळलो तेव्हा मी मॅडमकडे पाहिलं. त्या बाभळीखाली उभ्या होत्या. भिंग हातात होतं, पण फुलाकडे लक्ष नव्हतं. आमच्याकडे पाहत होत्या. आधी त्याच्या पावलाकडे, मंग माह्या, मंग मधातल्या दोरीकडे. मी पाहिलं तशी त्यांनी मान खाली घातली अन् टोपी पुढे ओढली. पण मले दिसलं ते दिसलं. तो चेहरा मले कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. भादव्यापासून तोच चेहरा घेऊन मी गावात फिरत होती.

त्यांचं मन त्याच्यावर असेल, नाही तर आमच्या जोडीनं चालण्यावर, मले माहीत नाही. लीलाबाई रस्त्यात भेटली तेव्हा तिनं खोदून खोदून विचारलं, अन् मी तिले एक अक्षर सांगितलं नाही. ही गोष्ट आम्हा दोघींची होती, मॅडमची अन् माही. मले त्यांची कीव आली, खरं सांगते. पण हातातलं टोक काही मी सोडलं नाही.